ओटीवरचं हायकोर्ट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. मी ती आजवर चढलेलो नाही. त्यात माझ्या शहाणपणाचा वाटा किती आणि बँकेतून रजा न मिळण्याचा किती, हा प्रश्न वेगळा. पण ही म्हण ज्याने कुणी तयार केली त्याने एका शक्यतेचा विचार केलेला दिसत नाही. आपण कोर्टाची पायरी चढलो नाही आणि कोर्टच आपल्या घराची पायरी चढून आलं, तर शहाण्याने काय करावं?

आमच्या चौलच्या घराला दगडी पायऱ्या तीन. मागे एका उन्हाळ्यात त्या चढून जे कोर्ट आलं त्यात एक माझी पुतणी, दुसरी तिची मैत्रीण आणि तिसरा त्यांच्या वर्गातला एक चष्मेवाला मुलगा. तिघंही मुंबईच्या एका लॉ कॉलेजात शेवटच्या वर्षाला. मांडव्याच्या लाँचमधून उतरून, एस.टी.त उभं राहून, घामाघूम होऊन आलेली. हातात कपड्यांच्या पिशव्या लहान आणि कागदांच्या मोठ्या.

"काका, चार दिवस शांत जागा हवी आहे. मूटची प्रॅक्टिस करायची आहे."

कोकणात शांतता असते हा मुंबईच्या लोकांचा एक गोड गैरसमज आहे. आमच्याकडे पहाटे कोंबडे, मग वाडीतले पंप, मग मासळीवालीची हाळी आणि संध्याकाळी कुणाच्या तरी हळदीचा लाउडस्पीकर असतो. पण पुतणीला नाही कसं म्हणायचं? मी रजेचा अर्ज टाकला. आश्चर्य म्हणजे मंजूर झाला. मॅनेजर स्वतःच रजेवर होते.

चष्मेवाल्याने आल्या आल्या तो जगप्रसिद्ध विनोद केलाच. काहीतरी विसरलेल्या मैत्रिणीला म्हणाला, "अलिबागसे आया है क्या?" पुतणी ताडकन म्हणाली, "या वाक्यावर बंदी घाला म्हणून हायकोर्टात याचिका झाली होती, माहीत आहे?" तिचं खरं होतं. २०१९ साली एका अलिबागकराने खरोखरच मुंबई हायकोर्टात दाद मागितली होती. कोर्टाने ती फेटाळली. असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता. म्हणजे आमच्यावरचा विनोद आता हायकोर्टातून तावूनसुलाखून निघालेला आहे. इतका अधिकृत विनोद पुणेकरांच्याही वाट्याला आला नसेल.

पहिली अडचण शेजारून आली. गडग्यापलीकडे आक्का सुपाऱ्या वाळत घालत होत्या. आक्का म्हणजे साठीच्या पुढच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पनवेलला. आमच्या घरात काय चाललंय हे त्यांना आमच्याआधी कळतं. त्यांनी हिला हळूच विचारलं, "सूनबाई, पोरी मूठ शिकायला लागल्यात म्हणे? कोणावर टाकायची आहे?"

कोकणात मूठ म्हणजे काय ते सांगायला नको. लिंबू, टाचण्या आणि अमावास्या यांच्याशी तिचा संबंध असतो. हिने समजावलं की ही मूठ नव्हे, मूट. तरी आक्कांनी त्या संध्याकाळी तुळशीपाशी एक दिवा जास्त लावला.

तर मूट म्हणजे खोटा खटला. मराठीत त्याला 'अभिरूप न्यायालय' असा कडक इस्त्रीचा शब्द आहे. कल्पना मात्र साधी. डॉक्टरकीच्या मुलांना चिरायला प्रेत मिळतं. बी.एड.च्या मुलांना पाठ घ्यायला खरा वर्ग मिळतो. त्यातली मुलं जिवंत असतात, हे त्यांचं दुर्दैव. वकिलीच्या मुलांना खरा अशील कोण देणार? "घ्या बाळांनो, माझ्या जन्मठेपेवर हात बसवून घ्या," असं म्हणणारा आरोपी अजून जन्माला यायचा आहे. म्हणून खटला खोटा, वकील खोटे, न्यायाधीश खोटे. खरे फक्त मार्क.

त्या मार्कांचा हिशेब पुतणीने सांगितला तेव्हा माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. बार कौन्सिल ऑफ इंडियाने या सगळ्याचा एक आख्खा शंभर मार्कांचा पेपर केला आहे. ३० मार्क खोट्या खटल्यांचे. असे तीन खटले, प्रत्येकी १०. त्यात पाच लेखी कैफियतीचे आणि पाच तोंडी युक्तिवादाचे. ३० मार्क खऱ्या कोर्टात बसून दोन खटले पाहण्याचे, एक दिवाणी आणि एक फौजदारी. पुढचे ३० डायरीचे. त्यातले १५ वकील अशिलाशी कसा बोलतो ते दोनदा बघून लिहायचे आणि १५ कोर्टाचे कागद कसे तयार होतात ते लिहायचे. उरलेले १० तोंडी परीक्षेचे. मी तिथल्या तिथे बेरीज मारली. टोटल टॅली. कायद्याच्या लोकांचा हिशेब बरोबर आलेला पाहून मला फार बरं वाटलं.

पद्धत मूळची विलायतेची. लंडनच्या 'इन्स ऑफ कोर्ट'मध्ये काही शतकांपूर्वी वकिलीचे उमेदवार रात्री जेवणं झाली की खोटे दावे मांडून भांडत. 'मूट' या शब्दाचा जुना अर्थच मुळी सभा. आपण गावकी म्हणतो तसली. आमच्याकडेही जेवणानंतर भांडणाची प्रथा आहे, पण ती सुपारी कातरण्यापुरती. त्याचे मार्क मिळतात असं कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं.

मला न्यायमूर्ती करण्यात आलं. माझी पात्रता पुतणीने एका वाक्यात सांगितली, "काका, तुम्हाला कायद्यातलं काही येत नाही ना? मग मन कोरं राहील."

"ते कायम कोरंच असतं," असा निकाल स्वयंपाकघरातून आला. त्यावर अपील नव्हतं.

आजोबांच्या आरामखुर्चीत मी स्थानापन्न झालो. आरामखुर्चीत बसून न्यायमूर्तीसारखं दिसता येत नाही, हे तेव्हा कळलं. मान ताठ ठेवली तर पोट पुढे येतं आणि पोट आत घेतलं तर डोळे मिटतात. तरी तिघंही मला वाकून 'युअर लॉर्डशिप' म्हणत होती. बार कौन्सिलने २००६ सालीच हे लॉर्ड प्रकरण सोडा म्हणून नियम केला आहे म्हणे, पण सवय जात नाही. मला तर ती जाऊच नये असं वाटत होतं. मध्येच हिने हाक मारली, "लॉर्डशिप, गॅस संपलाय." कोर्ट दहा मिनिटं तहकूब झालं.

खटला एका काल्पनिक देशातला होता. या देशाची राज्यघटना भारतासारखी, कायदे भारतासारखे, सरकारही भारतासारखंच, पण तो भारत नाही. सिनेमाच्या सुरुवातीला 'यातील पात्रे काल्पनिक आहेत' अशी पाटी येते, त्या पाटीतला तो देश. काय घडलं ते बारा पानांवर टाइप करून दिलेलं, परिच्छेदांना नंबर घालून. परिच्छेद सातमध्ये सरकारने वटहुकूम काढला. परिच्छेद नऊमध्ये कंपनी बुडाली. दोन्ही बाजूंना ते सगळं मान्य. भांडण फक्त कायद्याचं.

पोरं छान बोलली. अगदी मनापासून सांगतो. मैत्रिणीने असे काही निवाडे फेकले की मी दोनदा 'सस्टेन्ड' म्हणालो. ते युक्तिवादाला म्हणायचं नसतं. शेवटी निकाल द्यायची वेळ आली तेव्हा मी बँकेतला अनुभव पणाला लावला आणि प्रकरण शेऱ्यासह वरच्या ऑफिसला पाठवून दिलं.

पण त्या बारा पानांनी मला रात्री झोप येऊ दिली नाही. बावीस वर्षं मी काऊंटरवर बसतोय. नंबर घातलेले परिच्छेद घेऊन आलेला एकही गिऱ्हाईक मी पाहिलेला नाही. काऊंटरवर येतो तो आधी ओरडतो. एकदा एक गृहस्थ आले. बँकेने माझे बारा हजार खाल्ले म्हणून सगळी शाखा त्यांनी डोक्यावर घेतली. मी त्यांना बसवलं, चहा सांगितला, पासबुक भरून आणलं. अर्ध्या तासाने, दुसऱ्या कपाला, गृहस्थ एकदम हळू आवाजात म्हणाले, "कार्ड मुलाकडे असतं." म्हणजे पैसे कुणी काढले ते त्यांना घरातून निघतानाच माहीत होतं. बँकेची चूक निघू दे, अशी देवाची प्रार्थना करत ते आले होते. आता हे बारा पानांत कुठल्या नंबरच्या परिच्छेदात बसवायचं?

आणि खऱ्या खटल्यांत भांडण असतं ते बहुतेक याचंच, की घडलं काय. आमच्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा खटला घ्या. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्याच डिसेंबरात महाडच्या दिवाणी कोर्टात त्यांच्यावर दावा लागला. तळं आमचं, अस्पृश्यांनी तिथे पाणी भरायचं नाही ही अनादि काळापासूनची वहिवाट, असं वादींचं म्हणणं. कॉलेजच्या मूटमध्ये हे एका ओळीत आलं असतं, 'परिच्छेद तीन : वहिवाट होती' किंवा 'नव्हती'. मग पोरांनी समतेवर सुंदर भाषणं केली असती. प्रत्यक्षात ती एक ओळ सिद्ध होते की नाही हे ठरायला जवळजवळ दहा वर्षं गेली. तळं नगरपालिकेचं, हे कागदावरून निघालं. अनादि काळाचा पुरावा वादींना देता आला नाही. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी वादींचं अपील फेटाळलं. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच. आणि प्रतिवादी आंबेडकर? हा खटला अंगावर असतानाच, १९३५ साली, ते मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल झाले होते. त्यांच्या विद्यार्थ्यांना खऱ्या खटल्याचा नमुना शोधायला लांब जावं लागलं नसेल.

हे सगळं मी सकाळी चहाबरोबर पोरांना ऐकवलं. चष्मेवाला म्हणाला, "काका, मग आपण पुराव्याचा खटला करू. तुमच्याच लाइनमधला. चेक बाउन्स."

झालं. न्यायमूर्ती पदावरून मी एका रात्रीत साक्षीदार झालो. इतकी झटपट पदावनती आमच्या बँकेतही होत नाही.

चेक परत जाण्याचा गुन्हा तसा नवीन. १८८१ च्या जुन्या कायद्यात १३८ कलम घुसलं ते १ एप्रिल १९८९ पासून. चेक परत आल्याचं कळलं की तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर पंधरा दिवस पैसे द्यायला, न दिले तर त्यापुढे महिन्याच्या आत फिर्याद. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे आकडे मला पाठ आहेत, कारण चेक परत करताना समोरच्याचा चेहरा पाहायला लागू नये म्हणून मी ते मनात म्हणत असतो.

साक्षीदाराचा पिंजरा म्हणून झोपाळा ठरला, कारण ओटीवर दुसरं काही बसण्यासारखं उरलं नव्हतं. मैत्रिणीने उलटतपासणी सुरू केली.

"तुम्ही चेक परत केलात तेव्हा तुमच्या मनाची अवस्था काय होती?"

"जेवणाची सुट्टी व्हायची होती."

"म्हणजे तुम्ही घाईत होतात! साक्षीदार डळमळतोय याची कोर्टाने नोंद घ्यावी."

"झोपाळा हलतोय," मी म्हटलं.

दोन तास हे चाललं. माझी सही, माझा चष्म्याचा नंबर, माझी प्रामाणिकता, सगळ्यांचा पंचनामा झाला. आणि मग पुस्तक चाळता चाळता पुतणी म्हणाली, "अरेच्चा! कलम १४६. बँकेचा शिक्का असलेला परतीचा मेमो दाखल केला की चेक परत गेला असं कोर्टाने धरूनच चालायचं. उलट कुणी सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. एरवी बँकेच्या माणसाची गरजच नाही."

ज्या कामाला आपली गरजच नव्हती त्यात दोन तास घाम गाळणं हा अनुभव मला नवीन नव्हता. मी सरबत मागितलं.

या पोरांची मला दयाही येत होती. त्यांनी दोन वर्षं घोकलेले कायदे १ जुलै २०२४ ला बदलले. १८७२ चा पुराव्याचा कायदा गेला, साक्ष्य अधिनियम आला. पीनल कोडच्या जागी न्याय संहिता आली. फसवणुकीचं ४२० हे कलम ३१८ झालं. कायदा बदलला हे ठीक, पण शिवी कशी बदलणार? 'काय तीनशे अठरा माणूस आहे' याला काही वजन नाही.

गुरुवारी संध्याकाळी अशिलाची मुलाखत घ्यायची ठरली. हा डायरीतल्या १५ मार्कांचा भाग. खरं म्हणजे तो वकिलाच्या ऑफिसात बसून पाहायचा असतो, पण आधी आपण करून बघू, असं पुतणीचं म्हणणं. अशील कोण? मी म्हटलं, आक्का. पोरांनी एका कागदावर गोष्ट लिहिली. तुम्ही घरमालकीण, भाडेकरू आठ महिने भाडं देत नाही, वगैरे. आक्कांना ती दोनदा वाचून दाखवली. त्यांनी लुगडं बदललं, कुंकवाच्या जागी अबीर लावला आणि थाटात आरामखुर्चीत येऊन बसल्या. मूठ नाही याची खात्री पटलेली असल्यामुळे चेहरा प्रसन्न होता.

आधी चष्मेवाला.

"नाव? वय? भाडेकरू कधीपासून? करार तोंडी की लेखी?"

"हो," आक्का म्हणाल्या.

"नोंदणीकृत?"

"हो."

"नोटीस दिली?"

"हो हो."

चार मिनिटांत चौदा प्रश्न झाले. चष्मेवाल्याने वही मिटली. त्याच्या दृष्टीने अशील आदर्श होता. माझ्या दृष्टीनेही होता, कारण आमच्याकडे कर्जाच्या फॉर्मवर सही करणारे सगळे असेच 'हो हो' म्हणतात, आणि वाचलेलं कुणीच नसतं.

पुतणीची पाळी येण्याआधी मी तिला स्वयंपाकघरात गाठून काऊंटरवरची युक्ती सांगितली होती. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. शांतता माणसाला सोसत नाही, तो ती भरून काढतो. ती म्हणाली होती, "काका, गप्प बसायला मार्क नाहीत." पण तिने ऐकलं.

"आक्का, काय झालं ते सांगा," म्हणाली आणि थांबली.

आक्कांनी कागदातलं पहिलं वाक्य म्हटलं. मग दुसरं. मग त्या अडकल्या. वाडीतला पंप नेमका तेव्हाच बंद झाला होता. आक्का हातातल्या कागदाची घडी घालायला लागल्या, आणखी घडी, आणखी घडी.

"भाडेकरू तसा परका नाही," त्या म्हणाल्या. "धाकटाच तो. मीच कडेवर घेऊन वाढवला."

"हे आपण लिहिलेलं नाही," चष्मेवाला कुजबुजला. पुतणीने मान वर केली नाही.

"सोमवारी गाडी पाठवतो म्हणालाय. रजिस्टर ऑफिसात जायचंय. एकच सही. साडीपण आणून दिलीय. चांगली आहे साडी."

आमच्या किनाऱ्यावर 'एकच सही' म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हक्कसोडपत्र. आक्कांचं माहेर मांडव्याकडे. तिथे २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली आणि मोटारगाडी सकट मुंबईकर तासाभरात येऊन उतरायला लागले. ज्या खडकाळ वरकस जमिनीकडे बकऱ्यासुद्धा नाइलाजाने पाहायच्या, तिला गुंठ्यावर भाव आला. घेणाऱ्याचा वकील शोध घेतो, सातबारा काढतो, वारसांची नावं बघतो, आणि त्यात बहिणी निघतात. भाऊबीजेला न आठवलेल्या बहिणी सर्च रिपोर्टमध्ये आठवतात. सगळेच भाऊ लबाड असतात असं नाही. बहिणीचा वाटा पदरात घालून मग सही घेणारे मी पाहिलेत. पैसे आमच्याच शाखेत आले होते. आणि डोळे उघडे ठेवून, माहेरचा उंबरा राहावा म्हणून राजीखुशीने सही करणाऱ्याही पुष्कळ. पण कागद वाचून सही करणारी बहीण मी अजून पाहायची होती.

मैत्रीण मात्र पेटली. तिचा अभ्यास दांडगा. १९५६ चा वारसा कायदा, १९९४ ची महाराष्ट्राची दुरुस्ती, २००५ ची केंद्राची, आणि २०२० सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल. वडील आधी वारलेले असले तरी मुलीचा जन्मजात हक्क जात नाही, हे तिने धडाधड सांगितलं. सगळं बरोबर होतं. मूटमध्ये पाचपैकी पाच मिळाले असते.

आक्कांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे भावावर केस करू?" आणि खुर्चीच्या हाताला धरून उठायला लागल्या.

"बसा आक्का," पुतणी म्हणाली. "केसचं कुणी बोलत नाही. तुम्हाला काय हवंय?"

आणि पुन्हा गप्प. मला वाटलं आता कुणीतरी बोलणार. मीच बोलणार होतो, पण हिने स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे असं पाहिलं की मी झोपाळ्याची कडी घट्ट धरली.

"मला काय करायचीय जमीन," आक्का बऱ्याच वेळाने म्हणाल्या. "त्याने विचारायला पाहिजे होतं. आक्का, देतेस का, एवढंच. मी दिलीपण असती. आणि कागदात काय काय लिहिलंय, ते मला कुणी वाचून नाही दाखवलं."

पुतणीने वही बंद केली. "आक्का, ही आता प्रॅक्टिस राहिली नाही," ती म्हणाली. "आणि आम्ही अजून वकील नाही, सनद नाही आमच्याकडे. आम्ही सांगितलेल्यावर तुम्ही काही करू नका. पण अलिबागला जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो. उत्पन्न कितीही असो."

"फुकटचा म्हणजे कसला असेल गो," आक्का म्हणाल्या. पण शुक्रवारी सकाळच्या एस.टी.ने दोघी गेल्या.

तिथल्या वकीलबाई जेमतेम तिशीच्या होत्या. कागद बघितल्याशिवाय काही सांगणार नाही, म्हणाल्या. मसुदा आधी मागा, तो वाचू, मग सही करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. एवढंच. आक्कांना हे फारच थोडं वाटलं. एस.टी.चं तिकीट अर्धं असलं म्हणून काय झालं?

सोमवारी गाडी आली. आक्का नवी साडी नेसून ओटीवर बसल्या होत्या. ड्रायव्हरला त्यांनी चहा दिला, चकली दिली आणि सांगितलं, "कागद आधी पाठव म्हणावं. वाचीन आणि मग कळवीन." गाडी रिकामी परत गेली. त्यानंतर भावाचा फोन नाही, निरोप नाही. आक्का दोन-अडीच महिने गडग्यापाशी कमी दिसायला लागल्या. आमच्या घरात काय चाललंय तेही विचारीनाशा झाल्या. खरं सांगायचं तर ते दिवस आम्हालाच जड गेले.

नारळी पौर्णिमेला भाऊ आला. राखी बांधून घेतली, नारळीभात खाल्ला, विषय दोघांनीही काढला नाही. जाताना कागदांचं पाकीट देवळीत ठेवून गेला. त्यात जमिनीचे चार सर्व्हे नंबर होते. आक्कांना त्यांतले दोनच माहीत होते. पाकीट सध्या वकीलबाईंकडे आहे. आक्कांनी सही केलेली नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. हे सगळं मी त्यांच्या परवानगीने लिहितोय. गावाला ओळखू येणार नाही इतपत फेरफार कर, अशी अट होती, ती पाळली आहे. तेव्हा चौलच्या वाचकांनी उगाच शेजारी मोजत बसू नये.

पुतणीचा निकाल त्याच सुमारास लागला. युक्तिवादात उत्तम. मुलाखतींच्या भागाला मात्र १५ पैकी ११. तिने त्यात अलिबागची मुलाखत लिहिली होती, पण आक्कांचं नाव नाही, गाव नाही, भाऊ नाही, जमीन नाही. 'अशिलाने अडचण सांगितली, वकिलांनी कागद मागवण्यास सांगितले,' बस्स. अशिलाची गोष्ट बाहेर फोडायची नाही, हे तिला त्याच वर्षी दुसऱ्या पेपरात शिकवलं होतं. तपासणाऱ्याने समासात लाल शाईने लिहिलं होतं, 'तपशील अपुरा.'

फोनवर ती चिडून हे सांगत होती आणि गडग्यापलीकडून आक्का ऐकत होत्या.

"माझ्यापायी चार मार्क गेले पोरीचे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तसंच दिसतंय."

आक्का आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओटीवर बारा नारळ सोलून ठेवलेले. मार्काला तीन. मी हिशेब दोनदा करून पाहिला.